एका खेकड्याचा पूर्ण बंदोबस्त

३ तारीख, शनिवार. सकाळी ९
लेक पोहण्याच्या शिबिराला गेली. पंधरा दिवस. हॉलमधली तिची खाऱ्या पाण्याची टाकी आता माझ्या ताब्यात. त्यात गोटी. बोटाएवढा पिवळा मासा, दोन वर्षं जिवापाड जपलेला. घरात माझ्यापेक्षा गोटीचे लाड जास्त. जाताना लेकीने तीनदा बजावलं, बाबा, टाकीत नवीन काही टाकू नकोस. म्हटलं, अगं, गोदामात चाळीस माणसं सांभाळतो मी!

३ तारीख, संध्याकाळ
टाकीत नवीन दगड टाकला. लेकीला सरप्राईज. त्यावर जांभळी प्रवाळं, काय झकास दिसतात! दुकानदार म्हणाला, आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, दगडातून काय काय घरात येतं. दुकानदारांना लोकांना घाबरवायची हौसच असते. शिवाय बादली बायकोची. कोण विचारत बसणार?

५, सोमवार. सकाळी ६.४०
दगडाच्या भोकात दोन डोळे.

६.५५
खेकडा. कोटाच्या बटणाएवढा, केसाळ. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, नांग्या काळ्या असतील तर लगेच काढा, झोपलेल्या माशांना धरतो तो. काळ्या आहेत. पण अगदीच काळ्या म्हणता येणार नाहीत.

७, बुधवार
गोटीची शेपटी एका बाजूने कुरतडलेली! नेमका लेकीचा फोन. गोटी कशी आहे? मजेत, म्हटलं. खोटं नाही, सकाळी पोटभर जेवली. उद्या खेकडा संपला म्हणून समजा.

८, गुरुवार
सगळे करतात तो उपाय: काचेचा ग्लास दगडाला तिरपा टेकवायचा, तळाशी कोळंबीचा तुकडा. खेकडा आत घसरतो, काच गुळगुळीत, बाहेर येता येत नाही. मी त्यात सुधारणा केली. कोळंबी दोऱ्याला बांधून दोरा हातात धरला. तासभर बसलो. कोळंबी गेली, दोराही गेला. ग्लासात एक गोगलगाय सापडली. म्हणजे पद्धत चालते.

१०, शनिवार
बायको दातांची डॉक्टर. तिच्या बॅगेतून लांब चिमटा आणि तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला. विचारलं नाही, उगाच कशाला त्रास द्या. आरसा भोकात घातला तर त्या नालायकाने हातातून ओढून आत नेला! बायको म्हणाली, आता पेशंटना काय सांगू, आरसा खेकडा वापरतोय?

११, रविवार
दगड बाहेर काढून भोकात सोडा मारायचा, खेकडा गुदमरून पळत येतो. बाटली जरा जास्तच हलवली गेली. पडदा, सोफा आणि बायको धुऊन निघाले. पण आला! आला की बाहेर! थेट माझ्या मनगटावर. मी किंचाळलो (बायकोच्या मते सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं) आणि हात झटकला. तो टाकीतच जाऊन पडला. योजना बिनचूक होती, हात तेवढा चुकला.

१४, बुधवार. सकाळी ६.३०
मेला! मेला! मेला! वाळूत उताणा पडलाय. चिमट्याने उचलला. पाय, नांग्या, केस, सगळं जागच्या जागी. आणि किती हलका! माझ्या धास्तीने आतून खंगला असणार. काडेपेटीत जपून ठेवला. गोदामात चाळीसच्या चाळीस जणांना फोटो दाखवून बिस्किटं वाटली.

१६, शुक्रवार
गोटीच्या शेपटीची दुसरी बाजूही कुरतडलेली. जुनंच असेल, आज लक्षात आलं इतकंच.

१८, रविवार
लेक आली. मी ऐटीत काडेपेटी उघडली. ती म्हणाली, बाबा, हे नुसतं कवच आहे. खेकडा वाढला की जुनं टाकून देतो, आता तो आणखी मोठा झाला असेल. दगडात वाकून पाहिलं. दोन डोळे, चांगले मोठे. शेजारी आरसा.

मग तिला गोटीची शेपटी दिसली. ती काचेला नाक लावून शेपटीच बघत राहिली. ते फार लागलं. शेवटी मीच सांगून टाकलं, दगड मी आणला, तुझ्यासाठी आणला, चुकलो. बादलीत ठेवला होतास का, तिने विचारलं. मी पडदा न्याहाळत बसलो.

तिने ग्लास टेकवला, तळाशी कोळंबी टाकली आणि आंघोळीला गेली. दोरा नाही, काही नाही. वीस मिनिटांत खेकडा ग्लासात. शेपटी पुन्हा वाढते म्हणाली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

खेकडा आता बायकोच्या बादलीत आहे. लेकीने बादलीवर त्याचं नाव चिकटवलंय: बाबा. का, म्हणून विचारलं. म्हणाली, काही झालं की दगडात लपतो, आणि बाहेर आला की जिंकल्यासारख्या दोन्ही नांग्या वर करतो.

हे साफ खोटं आहे, असं मी दोन्ही हात वर करून ठणकावून सांगितलं. मायलेकी हसून हसून खालीच बसल्या.