नमुना एक्केचाळीस

४ नोव्हेंबर, सोमवार
आज रुजू झाले. माझ्या नवऱ्याची, केदारची, बदली फोर्ट विल्यमच्या छावणीत झाल्यापासून दोन महिने क्वार्टरमध्ये पडदे बदलत बसले होते. आज पुन्हा हातात पिपेट आलं आणि जिवात जीव आला. प्रयोगशाळा खिदिरपूरला, गोदीमागच्या रस्त्यावर, एका सुगंध बनवणाऱ्या कंपनीची. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, त्याच्या वासानं उंदीर कमी घाबरतात. इथे ते कृत्रिमरीत्या बनवून, रेणूत थोडा थोडा बदल करून नमुने तपासतात. माझ्या वाट्याला एक्केचाळिसावा. वास छान आहे, धने भरडताना येतो तसा. प्रमुख शंतनुदा, म्हणजे डॉ. मित्र, कमालीचे शांत गृहस्थ. उंदीरघर सांभाळणाऱ्या रजनीदींनी माझी निम्मी थालीपीठं संपवली आणि उद्या जास्त आण म्हणून बजावलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
माझी पहिली चाचणी. उंचावर एक फळी, अर्धीला भिंती, अर्धी उघडी. उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो, उघड्यावर जायला भितो. नमुना एक्केचाळीस हुंगलेले बाराही उंदीर उघड्यावर गेले. इथवर आनंदच होता. पण ते कडेशीही थांबले नाहीत. चालत चालत खाली पडले, एकामागून एक. खाली गादी होती म्हणून वाचले. पुन्हा वर ठेवले, पुन्हा तेच. मी नोंदवहीत लिहिलं, ‘धोक्याची जाणीव नष्ट.’ शंतनुदांनी ते खोडून ‘निश्चिंत’ असं केलं. मी खाली माझं वाक्य पुन्हा लिहिलं आणि सही केली. ते नुसते हसले.

१३ नोव्हेंबर, बुधवार
काल भरदुपारी रजनीदी गोदीच्या रस्त्यावर ट्रकपुढे गेल्या. हात मोडला, बरगड्या मोडल्या. आज इस्पितळात जाऊन आले. म्हणाल्या, ट्रक दिसत होता, हॉर्नही ऐकू आला, पण थांबायचं कशासाठी ते सुचलं नाही. हसत सांगत होत्या. शेजारी त्यांची लेक रडत होती, तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

परत येऊन शिडी लावली आणि उंदरांना वास देण्याच्या पेटीतली हवा बाहेर नेणारा पाइप कुठे जातो ते पाहिलं. तो छतावर जातच नाही. आमच्याच डोक्यावरच्या खोट्या छतात उघडतो. शंतनुदांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “आठ महिने झाले, मला ठाऊक आहे.”

१८ नोव्हेंबर, सोमवार
शनिवारी सकाळी मी उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं आणि फोड येताना पाहत उभी राहिले. केदार किंचाळला तेव्हा सोडलं. दोन दिवस घरीच होते. काल संध्याकाळी अंगावर पाल पडली आणि मी दचकून मागे उडी मारली. इतका आनंद झाला की रडू आलं. म्हणजे स्वच्छ हवेत दोन दिवसांत भीती परत येते. रजनीदींचीही येईल.

आजपासून गॅसचा मास्क लावूनच आत जाते. आणि आज कळलं, नमुना एक्केचाळीस हवेत फवारणारी चाळीस यंत्रं गुरुवारी एका मुलींच्या वसतिगृहात बसणार आहेत. परीक्षेचं दडपण जावं म्हणून. चौथ्या मजल्यापर्यंत खोल्या, प्रत्येकीला बाल्कनी. सुरक्षिततेच्या अहवालावर माझी सही हवी आहे. मी देणार नाही म्हणाले. शंतनुदा म्हणाले, मग दुसरं कुणीतरी देईल. तो माणूस दुष्ट नाही. त्याला कशाचीच भीती उरलेली नाही, एवढंच.

२० नोव्हेंबर, बुधवार
औषध खात्याला लिहिलं. उत्तर नाही. वसतिगृहाच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डॉ. मित्र स्वतः भेटून गेले, किती आश्वासक बोलतात. माझा आवाज चढला म्हणून त्यांनी फोन ठेवला.
उद्या सकाळी आठ वाजता माल न्यायला टेम्पो येणार. एक्केचाळीसचा सगळा साठा कोठीत आहे, बारा कॅन.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी ७.१०. कोठीत आहे. आतून कडी, दाराला टेबल. एकेक कॅन ब्लीचच्या टाकीत ओततेय, म्हणजे रेणू मोडेल. प्रत्येक कॅननंतर इथे लिहायचं. अक्षर थरथरतंय तोवर मी शाबूत आहे.

७.२५. चार झाले. मास्कमधून वास येऊ लागलाय. दुसरा फिल्टर नाही.

७.४०. सात. शंतनुदा दारापलीकडे. शांतपणे विचारतायत, नोकरी जाईल ना. जाऊ दे. पोलीस येतील. येऊ देत.

७.५०. केदारला फोन केला होता, तो पोचला. दारावर धडका देत होता, मला हाका मारत होता. शंतनुदांनी त्याला आमच्या खोलीत बसवलंय, त्या खोट्या छताच्या पंख्याखाली — मी ओरडले, तिथे बसू नकोस —

८.१०. दहा. अक्षर सरळ येतंय. फार सरळ. फोडाला नख लावलं. दुखतंय, पण —

केदार दाराशी आलाय. धडका नाहीत. हळू आवाजात म्हणतोय, “कालिंदी, इतकं घाबरण्यासारखं काय आहे? उघड.”
त्याचा आवाज असा नसतो.

नाही उघडणार. अकरा.
एक राहिला. कॅन उचललाय. दार उघडणार नाही, केदार. मला अजून भीती वाटते. मला अजून —