अनुक्रमांक चौसष्टला चौथा फोन

प्रति,
मा. प्रमुख,
अपूर्ण पदवी पाठपुरावा कक्ष,
सार्वजनिक महाविद्यालय,
तळमजला, ग्रंथालयाशेजारी.

विषय : यादीतील अनुक्रमांक ६४ या विद्यार्थिनीचे नाव येत्या शुक्रवारी कायमचे कमी न करणेबाबत.

संदर्भ : १) "परत या, पदवी पूर्ण करा" हे आपल्या सहीचे पत्र.
२) कक्षाचा नियम : तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करूनही न उचलल्यास नाव कमी करावे व उत्तीर्ण विषयही बाद धरावेत.

महोदय,

विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अर्जदार ही गेले चार महिने आपल्या कक्षात रोज सकाळी टेबल क्रमांक तीनवर बसून, शिक्षण अर्धवट सोडलेल्यांना फोन करण्याचे स्वयंसेवी काम करते. अनुक्रमांक ६४ पुढे तीन वेळा "उचलला नाही" असा शेरा अर्जदाराच्याच अक्षरात आहे. शेरे खरे आहेत. अनुक्रमांक ६४ म्हणजे स्वतः अर्जदारच आहे. एवढे लिहायला चार कागद फाडावे लागले, तरी कृपया पुढे वाचावे.

१. अर्जदार दुपारपाळीला रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. पदवीच्या तीस विषयांपैकी एकोणतीस झाले, संख्याशास्त्र राहिले. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असे अर्जदाराचे यजमान (व्यवसाय : शिवणकाम) गेली नऊ वर्षे माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. खरी हकीकत अशी, की पहिल्या वेळी प्रश्नपत्रिका हातात आली आणि अर्जदाराला त्यातला एकही आकडा ओळखू येईना. वीस मिनिटांनी पाणी पिऊन येते असे पर्यवेक्षकांना सांगून अर्जदार बाहेर पडली, ती अद्याप परत गेलेली नाही. त्यानंतर दोनदा फाटकापर्यंत जाऊन माघारी आली. घरी सांगितले, पेपर अवघड होता.

२. आपले पत्र आल्यावर, मला जमणार नाही, एवढेच सांगायला अर्जदार कक्षात आली. त्याच सकाळी नवे स्वयंसेवकही आपापली पत्रे घेऊन रुजू होणार होते. हेडक्लार्क साहेबांनी अर्जदाराच्या हातातले पत्र बघितले, न उघडताच "उशीर केलात बाई, बसा" म्हणाले आणि यादी पुढ्यात ठेवली. अर्जदाराला वाटले, चहाच्या सुट्टीत सांगू. त्या सुट्टीला आता चार महिने झाले. स्वयंसेवक पदवीधर हवा हे अर्जदाराला दुसऱ्या आठवड्यात कळले, आणि तेव्हा तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. "आम्हीही यातूनच गेलो, तुम्हीही जाल" हे छापून दिलेले वाक्य अर्जदार रोज तीसेक वेळा म्हणते. आपण खोटे बोललो नाही असे म्हणायला म्हणूनच जीभ रेटत नाही.

३. अर्जदाराच्या फोनमुळे सतरा जण परत आले, याची नोंद आपल्या फलकावर आहे. त्यात लिफ्टदुरुस्तीचे काम करणारे एक काका आहेत, वय बावन्न. ते दर सोमवारी फोनवर विचारतात, "बाई, शेवटच्या पेपरला तुमचेही पाय लटपटले होते का?" अर्जदार म्हणते, लटपटले होते. चार महिन्यांत फोनवर बोललेले एवढेच खरे.

४. गेल्या महिन्यात नवी यादी आली, तिच्यात चौसष्टावर अर्जदाराचे नाव. इथे सगळे अर्जदाराला टेबल तीनच्या बाई म्हणतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. फोन केल्याची कक्षाच्या यंत्रात नोंद झाल्याशिवाय शेरा लिहिता येत नाही, म्हणून अर्जदाराने स्वतःचा नंबर फिरवला. कोपऱ्यातल्या पिशवीत फोन गुरगुरू लागला. टेबल दोनवरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अगं, कोणाची तरी पिशवी बोलतेय." अर्जदाराने घाम पुसून शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशी फोन मुका करून ठेवला. तिसऱ्या दिवशी मात्र हात पिशवीत गेला होता. पण उचलून बोलायचे काय, आणि कोणी? एका कानाला विनवणी आणि दुसऱ्या कानाला नकार, असे काही वेळ बसून राहिल्यावर फोन आपोआप थांबला.

५. तिसरा शेरा बघून हेडक्लार्क साहेब म्हणाले, "ही चौसष्ट नंबरची बाई फारच शिष्ट दिसते. जाऊ दे, काढून टाकू." अर्जदार म्हणाली, "हो ना." महोदय, तेव्हापासून अर्जदाराची झोप उडाली आहे. एकोणतीस विषय अर्जदाराने स्वतःच्या हाताने पुसले. रुग्णालयात कोणाचाही फोन वाजला की इस्त्री चादरीवर तशीच राहते. दोन चादरी जळाल्या. परवा यजमानांनी शिलाईची सहज बेरीज विचारली, तर अर्जदाराला रडू फुटले. परीक्षेला बसण्याची भीती वाटते, आणि आता न बसण्याची त्याहून जास्त वाटते. कोणत्या भीतीचे ऐकावे, हे विचारायला या कक्षाखेरीज जागा ठाऊक नाही.

६. काल सोमवार होता. लिफ्टवाल्या काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि अर्जदाराने त्यांना सगळे सांगून टाकले. पलीकडून फोन बंद झाला. अर्जदाराला वाटले, गेला हाही माणूस, आपल्या पापाने गेला. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या त्या चौसष्ट नंबरच्या बाई आहेत ना, त्यांच्याशी मी बोलतो. मला तो तुमचा छापील कागद वाचायला द्या फक्त."

सबब नम्र विनंती, की टेबल तीनवरून अर्जदारास खुशाल उठवावे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु नियमाने फोन कक्षाच्याच यंत्रावरून व्हावा लागतो, म्हणून सदर काकांना गुरुवारी सकाळी दहा वाजता आपल्या कक्षात बसू द्यावे आणि अनुक्रमांक ६४ ला चौथा फोन करू द्यावा. ते छापील वाक्य त्यांनी वगळले तरी चालेल, कारण तेही अजून यातून गेलेले नाहीत. मी त्या वेळी घरी असेन. मला फार भीती वाटते आहे, पण मी उचलीन.

आपली नम्र व घाबरलेली,
(सही)
अर्जदार, अनुक्रमांक ६४
मंगळवार, दि. ११

सोबत : १) आपले मूळ पत्र, एकदाच उघडलेले.
२) एकोणतीस विषयांच्या गुणपत्रिकांच्या प्रती.
३) संख्याशास्त्राचा परीक्षा अर्ज, भरलेला. सहीची जागा गुरुवारपर्यंत कोरी ठेवली आहे.