वीस पावलांवरचं पिंप

१ डिसेंबर
पोचलो एकदाचा! मंडीहून निघाल्याला आज चौथा दिवस. काझाच्याही वर एकतीस किलोमीटर, थिलिंग गाव. इथल्या दवाखान्याचे नवे रुग्णवाहिका-चालक म्हणजे अस्मादिक, खेमराज. खोली छोटी, पण बुखारी, म्हणजे इथली लोखंडी शेगडी, काय पेटते! पाय तिच्याकडे केले की उठावंसंच वाटत नाही. नर्स यांगझोमताईंनी लोण्याचा खारा चहा दिला. मी तोंड वाकडं न करता प्यायलो, तर म्हणाल्या, हा टिकेल. गाडी डिझेलची, जुनी, पण इंजिनाचा आवाज खणखणीत. मला लगेच आवडली.

३ डिसेंबर
आज लोबझांग मेमे आले. मेमे म्हणजे आजोबा. गुडघे जाईपर्यंत हीच गाडी त्यांनी चालवली. त्यांनी रीत सांगितली: संध्याकाळी गाडी लावली की आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची, मग बुखारीजवळ जायचं. डिझेलची पिंपं शेडमध्ये. गाडीपासून वीस पावलं, मी मोजली. टाकीत रिकामी जागा राहिली की रात्रभर तिथल्या हवेला घाम फुटतो, त्याचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो आणि पाइप बंद पडतो. एवढं मला पटलं.

मग आवाज खाली करून म्हणाले की मेलेलं माणूस एकोणपन्नास दिवस भटकतं, त्याला थंडी वाजते, रिकामं दिसेल तिथे ते शिरतं. म्हणून गावात कोणी गेलं की घरोघरी रिकामी भांडी पालथी घालतात. टाकी काही पालथी घालता येत नाही, ती भरायची.

मला हसू आलं. म्हटलं, मेमे, आमच्याकडे लाल दिवा लागल्यावरसुद्धा मी चाळीस किलोमीटर मारतो. ते म्हणाले, “तुझ्या मंडीत आंबे पिकतात बाबा. इथे बढाईसुद्धा गोठते.”

११ डिसेंबर
दोनदा टाकी भरली नाही. काही झालं नाही. पिंपावरच्या पंपाचा दांडा फिरवताना हातमोज्यांतही बोटं मरतात, आणि सकाळी ऊन आलं की तेच काम सोपं. म्हाताऱ्यांचं आपलं काहीतरी.

१९ डिसेंबर
काझाहून औषधं घेऊन आलो. काटा लालवर. यांगझोमताईंनी थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, ठेवला होता, बुखारी लालबुंद. सकाळी बघू.

२० डिसेंबर
सकाळी आठला गावातला आंगदुई धावत आला. त्याची बायको छिमे पहाटे बाळंत झाली, मुलगी छान आहे, पण छिमेचं रक्त थांबत नव्हतं. काझाला न्यायचं. टाकी भरायला पाच मिनिटं लागली असती. मेमे दारात उभे होते, त्यांच्यासमोर पिंपाकडे जायची मला लाज वाटली. म्हटलं, रिझर्व्हवर पोचू. निघालो.

स्तूपाच्या वळणावर, चढाला, गाडी खोकली आणि बंद पडली. थोडंसं डिझेल चढावर मागे सरकलं आणि गाडीनं एअर धरली, म्हणजे पाइपात हवा शिरली. एअर काढायला हातपंप मारला. फिल्टर उघडला तर आत बर्फाचे कण. फुंकलं, चोळलं, पुन्हा पंप मारला. चाळीस मिनिटं गेली.

मागून छिमेनं विचारलं, गाडी का थांबली? थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग विचारलं नाही.

फिल्टर उघडायला मी हातमोजे काढले होते. आंगदुईनं स्वतःचे हातमोजे काढून माझ्या हातांत चढवले. म्हणाला, “थंडीनं डिझेल गोठलं. तू तरी काय करणार भाऊ?”

मी मान हलवली. होय म्हणून.

२३ डिसेंबर
अहवालात ‘अतिथंडीमुळे बिघाड’ असं लिहिलं गेलं. मी सही केली. लोक माझ्याच खोलीवर सत्तू आणून देतात, लोणी आणतात, बिचारा किती झटला म्हणतात. आंगदुईच्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. साऱ्या गावात भांडी पालथी आहेत. मेमे आले, आधी गाडीच्या काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निघून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आंगदुईला सांगायला हवं. उद्या सांगतो.

२९ डिसेंबर
आता रोज टाकी भरतो. साठ लिटरची टाकी. आज काटा तळाला होता, पण बावीस लिटरलाच डिझेल बाहेर सांडलं. काठी घालून पाहिली. काठी मध्येच कशाला तरी टेकली. मऊ.

७ जानेवारी
झाकण उघडलं की आतून श्वास येतो. ऊबदार. बाहेर सगळं गोठलेलं असताना.

आंगदुईच्या दारापर्यंत गेलो होतो. त्यानं चहा पाजला. मुलीला माझ्या मांडीवर दिलं. तिला माझं नाव माहीत व्हावं म्हणाला. चहा संपवला आणि न सांगताच परत आलो.

१८ जानेवारी
स्तूपाच्या वळणावर गाडी रोज बंद पडते. टाकी भरलेली असते तरी. मागे कोणी नसतं. तरी मागून विचारतात, गाडी का —

मी उत्तर देत नाही. पंप मारतो, गाडी सुरू होते.

२ फेब्रुवारी
मेमेंना टाकीचं आणि मागून येणाऱ्या आवाजाचं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, छिमेला तुझा जीव नको आहे. तिनं एक प्रश्न विचारलाय. चार दिवस उरलेत, मग ती जाईल, आणि प्रश्न मात्र तुझ्याजवळ राहील.

५ फेब्रुवारी
टाकी शेवटी चमच्यानं भरली. अगदी काठोकाठ. झाकणातून बुडबुडे आले आणि मग थांबले. आता आत जागाच नाही. कुणालाही.

मग गाडीत येऊन बसलो, आणि मागच्या बाकावर कोणीतरी सरकून —

६ फेब्रुवारी, सकाळ
एकोणपन्नासावा दिवस. बाळाला श्वास लागला आहे. आंगदुई आणि बाळ मागे. काझाला निघालो होतो.

वळण. गाडी बंद. टाकी काठोकाठ. फिल्टर कोरडा, स्वच्छ. पंप मारून हात सोलले.

प्रश्न आला. बाईच्या आवाजात. या वेळी आंगदुईनंही ऐकला. तो माझ्याकडे बघतोय.

तोंड उघडलं, आवाज फुटत नाही. म्हणून लिहितोय. वही त्याला देणार.

आंगदुईभाऊ, त्या दिवशी थंडी फार —

बाळाचा श्वास अडकला.

नाही. थंडी नाही. टाकी रिकामी होती. मीच ठेवली होती. पिंप वीस पावलांवर होतं आणि मी शेकत बसलो. सकाळी मेमेंसमोर लाज वाटली म्हणून भरली नाही. तू हातमोजे दिलेस आणि मी मान हलवली.

बाळ रडलं. इंजिन आपोआप —

मागून हात पुढे आलाय, वही मागतोय. देतो. आरशात बघितलं. आंगदुईनं दोन्ही हातांनी बाळाला धरलंय. मग हा —