अबू राशिदच्या बंदुकीचा निळा रंग

प्रिय विली,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं. आज मला तुझा राग आलाय, आणि तो ऐकायला तू समोर नाहीस म्हणून आणखीच आलाय.

सकाळी अबू राशिद दुकानात आला. तुझी शवपेटी वसईला न्यायला विमानात चढवायची होती तेव्हा विमानतळावर उभा होता, त्यानंतर आजच. हातात तीच एकनळी बंदूक, त्याच लोकरी गवसणीत. गवसणी उतरवली तर नळीवर गंजाचं लाल पुरळ, दर आखाती उन्हाळ्यानंतर यायचं तसंच. आणि म्हणाला काय, तर “बेटी, जैसा बाबा करता था, वैसा ही नीला कर दो.”

बेटी म्हणजे आपली शेरॉन. सिलिकॉन ओएसिस टेक-पार्कातली गारेगार ऑफिसातली नोकरी सोडून ती तुझ्या टेबलावर बसते, हे तुला कळलंय का तिकडे? मी नको नको म्हणत होते. पण मुलगी कुणाची! तिने बंदूक दोन्ही हातांत घेतली आणि म्हणाली, “ऑफ कोर्स, अंकल. आय नो द होल प्रोसेस.”



आत्ता दुपारची सुट्टी आहे. शटर अर्धं खाली ओढलंय. शेरॉन आत बसलीय, माझ्याशी बोलत नाहीये. मी काउंटरवर बसून तुला लिहितेय, कारण हे सगळं ज्याला ऐकवायचं तो माणूस वसईच्या मातीत जाऊन आरामात झोपलाय.

विली, तुला बंदुकीतलं किती कळायचं रे! हे मी रागातसुद्धा म्हणते. कुणी नवा गिऱ्हाईक आला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, “ठेवणार कुठे? घरी की गाडीत?” गाडीत म्हणाला की तू त्याला दाराबाहेर न्यायचास. तिथे तारेला तू लोखंडाच्या पट्ट्या टांगल्या होत्यास, एकेकीवर एकेक फिनिश. रोज त्यांच्यावर मिठाचं पाणी शिंपडायचास, जसं काही तुळशीला घालतोयस! निळी पट्टी आठवड्यात लाल व्हायची. निकेल वरून चकचकीत राहायचं आणि कडेने फुगायचं. फॉस्फेटवाली करडी पट्टी तेल मिळालं तर तग धरायची. आणि भट्टीत भाजलेलं सिरॅमिक कोटिंग होतं तसंच, मख्ख.

मग तू समजावायचास. गाडीत एसी, लोखंड गार पडतं. बाहेर ऑगस्टची ओली हवा. दार उघडलं की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा बंदुकीला घाम फुटतो. “निळा रंग घरातल्या कपाटासाठी,” तू म्हणायचास. “तो दिसायला राजा आहे, पण गंजापुढे त्याचं काही चालत नाही. गाडीसाठी सिरॅमिकच घ्या.” सगळ्यांना सांगितलंस. बोटवाल्यांना सांगितलंस, फार्मवाल्यांना सांगितलंस, शूटिंग क्लबात मिरवायला येणाऱ्या पोरांना सांगितलंस. एका अबू राशिदला सोडून!

त्याच्या बंदुकीला मात्र दरवर्षी निळा. दरवर्षी गंज घासून काढायचा, पॉलिश करायचं, आणि नळी बुडवून निळी करायला मागच्या खोलीत ती कॉस्टिकची टाकी पेटवायची. उकळत्या पाण्याहून गरम खार, त्याची वाफ, ती कोंदट खोली, आणि वाफेत वाकलेला तू. आपण इतर कुणासाठी ती टाकी पेटवणं कधीच बंद केलं होतं. ती फक्त त्याच्यासाठी ठेवली होतीस, आठवतंय ना?

आणि खरी गंमत तर त्या गवसणीत आहे.

तुझ्या भावाने कोल्हापूरहून जाड घोंगडी आणली होती. तिचं करायचं काय, एवढ्या उकाड्यात! तू ती रोल्ला बाजारातल्या टेलरकडे नेलीस आणि बंदुकीच्या मापाची गवसणी शिवून घेतलीस. दुकानाचं लायसन्स झालं त्या दिवशी ती अबू राशिदला भेट दिलीस. इथल्या नियमाने लायसन्स तेव्हा स्थानिक माणसाच्या, म्हणजे त्याच्या नावावर होतं, तरी त्याने आपल्यावर कधी वेड्यावाकड्या अटी लादल्या नाहीत, माणूस देवासारखा वागला. म्हणून भेट. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता तुझा!

पण लोकर ती लोकर. ती ओल पिते आणि धरून ठेवते. त्याचं घर समुद्राकाठी, त्यामुळे ओलीबरोबर खारही. गाडीच्या मागच्या कुलपाच्या पेटीत ती बंदूक अख्खा उन्हाळा ओल्या घोंगडीत गुंडाळून पडायची. पहिल्याच वर्षी तू गवसणी उलटी केलीस, आतून हात फिरवलास आणि मला म्हणालास, “सिसी, गंज इथून येतोय.”

“मग सांग त्याला,” मी म्हटलं.

“वेडी आहेस? आपणच दिलेली भेट. तोंडावर कसं सांगायचं?”

एक वाक्य होतं रे! ‘अबू राशिद, ही गवसणी काढून टाका.’ एवढंच. ते तुझ्या तोंडून निघालं नाही. त्याऐवजी टाकी पेटली. दरवर्षी.

त्याच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या त्या बैठकीत, तर तुझी कोण तऱ्हा! गावा, म्हणजे त्यांची ती अरबी कॉफी, पुरे झाली की कप जरासा हलवायचा, ही त्यांचीच रीत. म्हणजे तोंडाने ‘नको’ म्हणायचीसुद्धा गरज नाही, नुसता मनगटाला झटका. तुला तेवढंही जमायचं नाही. तो ओतत राहायचा, तू पीत राहायचास, आणि घरी येऊन छातीत जळजळ होते म्हणून मला झोपू द्यायचा नाहीस.

आणि मला? मला ‘नाही’ म्हणताना तुझी जीभ कधी अडखळली? मास्क घाल म्हटलं, नाही, चष्म्यावर वाफ येते. एक्झॉस्ट फॅन बदल म्हटलं, नाही, पुढच्या महिन्यात बघू. नाताळला गावी जाऊ म्हटलं, नाही, सीझन आहे. खोकला वाढलाय, डॉक्टरकडे चल म्हटलं, नाही, एसीने होतो, सगळ्यांनाच होतो. परक्यासाठी तुझ्याकडे ‘इन्शाल्ला, हाजीर’ आणि बायकोसाठी ‘गप्प बस गं’!

छातीचे डॉक्टर ठाम काही सांगेनात. वय, धूळ, जुनी सिगारेट, काय काय कारणं दिली त्यांनी. मी मान डोलावली. पण मला माहीत आहे तुला कशाने नेलं. शेवटी शेवटी तुला दोन जिने चढवत नव्हते, तरी त्या वर्षीचा निळा तू केलासच. खुर्ची टाकून केलास. मी दारात उभी राहून ओरडत होते आणि तू हाताने ‘झालं, झालं’ म्हणत होतास.

आता आज सकाळचं ऐक.

शेरॉनने खारांचे डबे काढले. हातमोजे नवे आणलेत, ते मला दाखवले, जणू हातमोज्यांनी श्वास घेतात! मी म्हटलं, “टाकी पेटणार नाही.”

“मम्मा, प्लीज. इट्स पप्पाज गन.”

“बंदूक अबू राशिदची आहे. पप्पांचा होता तो फक्त खोकला.”

“यू आर बीइंग मीन.”

असेन. मी तिला ओलांडून पुढे गेले. अबू राशिद चहा घेत बसला होता. म्हातारा झालाय रे तो. दाढी पांढरीफेक. एक क्षण माझंही तोंड बंद झालं. तुझा रोग लागतो की काय मला! मग म्हटलं, नाही, आज बोलायचंच.

“अबू राशिद,” मी म्हणाले, “ये कपड़ा फेंक दो. जंग इसी से आता है. नीला-वीला कुछ काम का नहीं, जब तक ये कपड़ा है.”

शेरॉन मागे दारात थिजली. मला वाटलं आता तो रागावेल, नाहीतर खजील होईल. त्याने कप खाली ठेवला.

“मालूम है, मदाम,” तो म्हणाला.

“मालूम है?”

“बहुत साल से. मेरा लड़का प्लास्टिक का डिब्बा लाया, अंदर फोम वाला, एकदम बढ़िया. घर में पड़ा है. लेकिन विली ने अपने हाथ से दिया था. उसका दिया हुआ मैं उसके सामने कैसे निकालूँ? ऐब है हमारे में.”

“और हर साल जंग?”

“विली ने कभी कुछ बोला नहीं. मैं समझा, उसको ये काम करना अच्छा लगता है. मेरे लिए करता है, तो मैं लाता था.”

विली! दोघांनाही माहीत होतं! त्याचं मन राखायला तू गप्प, तुझं मन राखायला तो गप्प, आणि मधल्यामध्ये ती घोंगडी मजेत ओल पीत बसलेली. दोन सभ्य गृहस्थ! तुमच्या सभ्यतेला हसावं की डोकं आपटून घ्यावं, सांग ना? मी हसले. मोठ्याने हसले, आणि मग ते हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलंच नाही.

तो उठून उभा राहिला, काय करावं कळेना त्याला. मी त्याचं बोट धरलं नाही एवढंच, पण त्याला मागच्या खोलीत नेलं. इतक्या वर्षांत तो कधी काउंटरच्या पलीकडे आलाच नव्हता. कशाला येईल? तू त्याला पुढेच बसवून खजूर खिलवायचास. मी ती काळी टाकी दाखवली. वाफेने पोपडे निघालेली भिंत दाखवली. बंद पडलेला फॅन दाखवला. तू शेवटच्या वर्षी जिथे खुर्ची टाकलीस ती जागा दाखवली.

“इधर बैठ के किया, आपका नीला,” मी म्हणाले. “खाँसते खाँसते. और अब ये करेगी.” आणि शेरॉनकडे बोट केलं.

त्याने त्या भिंतीवरून हात फिरवला. “मुझे किसी ने नहीं बताया,” एवढंच म्हणाला. खरंच होतं ते. पण मी त्याला ‘कोई बात नहीं’ म्हटलं नाही. तू म्हटलं असतंस. मी नाही म्हटलं.

मग तो स्वतःच शेरॉनला म्हणाला, “बेटी, जो मम्मा बोलती है वो करो.” गवसणी त्याने घडी करून बरोबर नेली. ती फेकणार नाही म्हणाला, घरी ठेवेन, फक्त बंदुकीवर नको. त्यावर मी काय बोलणार? तुझी आठवण आहे, त्याचाही हक्क आहे तिच्यावर. जाताना गाडीत बसल्यावर त्याने रुमालाने डोळे पुसलेले मी पाहिले, आणि मला त्याची दया आली, याचाही मला राग आला.

तर ठरलंय असं. बंदूक सिरॅमिक कोटिंगला जाईल, अजमानच्या त्या दुकानात, जिथे फवारणीला बंद केबिन आहे आणि कामगार नाकातोंडावर सगळं लावून उभे असतात. नळीच्या आतून फक्त तेल. रंग करडा, वाळूकडे झुकणारा. त्याच्या मुलाच्या फोमच्या डब्यात राहील, आणि डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायला मी सांगितलंय, तूच सगळ्यांना सांगायचास तशा.

शेरॉनला हे पटलेलं नाही. “इट विल लुक डेड, मम्मा,” ती म्हणाली. “पप्पांचा ब्लू कसा जिवंत दिसायचा!”

“दिसू दे मेलेली,” मी म्हटलं. “बंदूकच आहे ती.”

मग ती रडली. मला जवळ येऊ दिलं नाही. तिला वाटतं, तुझ्या हातचं शेवटचं काहीतरी मी पुसून टाकतेय. टाकी पेटवली की ती तुझ्याजवळ उभी राहिल्यासारखी होईल, असं वाटतं तिला. मला कळत नाही का ते? मलाही तुझ्याजवळ उभं राहायचंय रे! त्या खोलीतल्या कॉस्टिकचा वास आला की अजून मला वाटतं तू आत आहेस, आणि मी जेवायला हाक मारायला तोंड उघडते.

पण मी भंगारवाल्याला फोन केलाय. सुट्टी संपली की तो येईल आणि टाकी उचलून नेईल. शेरॉन आतून ऐकत होती, तिने दार आपटलं. आपटू दे.

एक वचन देते तुला, विली, आणि हे मोडणार नाही. मी तुझ्यासारखी कुणाची मनं राखत बसणार नाही, पोरीचंसुद्धा नाही. ती माझ्यावर वर्षभर रागावेल, कदाचित कायमची रागावेल, तुझ्या बाजूने माझ्याशी भांडत राहील. भांडो. पण आपली शेरॉन म्हातारी होईल. केस पिकतील तिचे, पाठ वाकेल, जिने चढताना कुरकुर करेल, आणि तरी चढेल. माझ्यावर रागावलेली का असेना, ती म्हातारी होईल.

तुझीच, अजून रागावलेली,
सिसी