हिंदीतल्या लिखा

खालची वस्ती, मिरजगावजवळ
रविवार, २२ ऑगस्ट १९७१

ती. सौ. आक्काच्या पायांवर धाकट्या राधाकृष्णाचे डोके (लांबूनच ठेवतो आहे, आणि ते तुझ्याच भल्यासाठी).

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? सोनईला पाऊस आहे असं इथला कंडक्टर सांगत होता, पण तो दर वर्षी तेच सांगतो. सूनबाईशी पटतंय ना? पटत नसेल तर जिवाला लावून घेऊ नकोस, चार दिवस घराबाहेर पडलं की माणसाला बरं वाटतं. इकडे मी खुशाल आहे. जेवण वेळेवर, झोप भरपूर. शाळेत उवा झाल्या आहेत.

झाल्या म्हणजे काय, होत्याच. एक खोली, एकतीस पोरं, आणि तिघांत एक पुस्तक. वाचायचं म्हटलं की तीन डोकी एकत्र येतात आणि उवांची बदली होते (माझ्या बदलीचा अर्ज तीन वर्षं पडून आहे, त्यांना अर्जही लागत नाही). मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले तेव्हा मी पटावरची संख्या सांगितली, डोक्यांतली सांगितली नाही. जाताना साहेब टोपी काढून खाजवत होते, मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी सगळ्या मुलांचे केस उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला बसलो तर एकही चेहरा ओळखू येईना, आणि एकाच पोराने चौघांची हजेरी देऊन टाकली. पण मुलींच्या केसांना वस्तरा कसा लावणार? त्यांच्या डोक्याला हात लावायचीही मला सोय नाही. तेव्हा उवा तिकडे सुखात राहिल्या.

आता खरा घोळ ऐक. यंदा शाळेत पाचवीचा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर हिंदी आली. शिकवणारा मीच, कारण राष्ट्रभाषेच्या दोन परीक्षा मी पास आहे (दुसरी दुसऱ्या खेपेला, पण ते कोण विचारतं). पुस्तकात ‘राम ने लिखा’ असं वाक्य होतं. ट्रेनिंगला आम्हाला शिकवलं होतं की उदाहरणं पोरांच्या अवतीभवतीची घ्यावीत. मी अवतीभवती पाहिलं. पाचवीत एकच मुलगी आहे, गोजर. या वस्तीवर चौथीपुढे आलेली पहिलीच. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं (हे मी तिच्यासमोर कधी बोलत नाही). म्हणून कौतुकाने फळाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘गोजर ने लिखा’.

भिमाजी नावाचं एक कार्टं आहे, त्याने ते मोठ्याने वाचलं, गोजरकडे पाहिलं आणि हातभर लांब सरकून बसला. सगळा वर्ग खो खो हसला. आक्का, देवाशपथ सांगतो, माझ्या डोक्यात तोपर्यंत फक्त हिंदीच होती. आपल्याकडे लिखा म्हणजे उवांची अंडी, हे त्या घटकेला मला सुचलंच नाही. मला राग आला. माझा राग तुला माहीत आहे. हसता काय म्हणालो, आता पन्नास वेळा म्हणा. आणि एकतीस पोरं, म्हणजे तीसच, बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. एकतिसावी मान खाली घालून बसली होती.

शेजारच्याच रानात तिची आई भागूबाई खुरपत होती. तीस-पस्तीस वेळा तिने ऐकून घेतलं असावं. मग खुरप्यासकट दारात येऊन उभी राहिली. आधी तिने फळा पाहिला. तिला वाचता येत नाही, पण पाहिला. मग मला म्हणाली, “गुरुजी, माझ्या पोरीच्या डोक्यात लिखा हाईत, हे फळ्यावर लिवायचं व्हय?” आणि पोरीला दंडाला धरून घेऊन गेली.

तू म्हणशील, चार दिवसांनी आली असती. नसती आली, आक्का. दसरा झाला की भागूबाई आणि तिचा नवरा गोरक्ष कोयते घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जातात ते गुढीपाडव्याला परत. धाकट्याला सांभाळायला गोजरला न्यायचं घाटत होतं. मी जूनपासून त्यांच्या दारात बसून कोरा चहा पितोय आणि पोरीला इथेच ठेवा म्हणून सांगतोय. भागूबाई ‘बघू’ म्हणायची. त्या ‘बघू’वर मी फार आशा धरून होतो. ते मीच माझ्या हाताने पुसलं. एकदा गाडीत बसून गेलेली पोर पुन्हा पाटीला हात लावत नाही, तीन वर्षांत मी हे पाच जणींचं पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंदीचं पुस्तक घेऊन मी तिच्या दारात गेलो. तिथे बायका एकीपुढे एक बसल्या होत्या, पुढचीचं डोकं मागचीच्या हातात, आणि सगळ्यांत मागे शेजारची बनुबाई. म्हातारीचे डोळे गेलेत, पण बोटांना सगळं दिसतं. मी उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं: लिखना म्हणजे लिहिणे, लिखा म्हणजे लिहिले, यात पोरीचा गौरवच आहे. भागूबाईने पुढच्या डोक्यातली एक ऊ नखावर चिरडली आणि म्हणाली, हिंदीत का असंनात, लिखा त्या लिखाच. यावर मी डोकं खाजवलं (विचार करताना मी खाजवतोच).

ते म्हातारीने ऐकलं. कोण खाजवतंय म्हणाली, बस इथं. मी शहाणपणाने, आपण होऊन, टोपी काढून तिच्यापुढे बसलो. तिने दोनदा बोटं फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं: “गुरुजीच्या डोक्यात तर आख्खी शाळा भरलीया.” बायका पदर तोंडात घालून हसल्या. भागूबाई हसली नाही, तिने मला तांब्याभर पाणी दिलं. आक्का, मला फार शरम वाटली गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि पाणी पिताना ध्यानात आलं की काल त्या पोरीला सगळ्या वर्गापुढे असंच वाटलं असणार, आणि तिला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मग पुढच्या दिवशी फळ्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गुरुजी ने लिखा’, आणि पोरांना पन्नासऐवजी शंभर वेळा म्हणायला लावलं. कसली ओरडली म्हणतेस. खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. भागूबाई म्हणाली म्हणे, आता कळली हिंदी. आणि शुक्रवारी प्रार्थनेच्या आधी गोजर येऊन आपल्या जागेवर बसली होती. मी हजेरीत तिचं नाव जरा मोठ्यानेच घेतलं.

एवढंच कळवायचं होतं. दाजींना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवर हात.

तुझा राधाकृष्ण

ता. क. एक बारीकसं काम होतं. भागूबाई म्हणते, गुरुजींच्या घरात बाईमाणूस असेल तर पोरीला मागे ठेवायचा विचार करीन. माझ्या तोंडून निघून गेलं की आमची आक्का येणारच आहे. तर दसऱ्याच्या आधी एक पंधरा दिवस येऊन जा. येताना बारीक दातांची लाकडी फणी आण.

ता. क. २. अक्षर ओळखीचं नाही म्हणून घाबरू नकोस. काल सीताफळाच्या बिया कुटून डोक्याला लावल्या, त्या डोळ्यांत गेल्या. सरकारी डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत सूज उतरेल, पुन्हा असला शहाणपणा नको. म्हणून मी सांगतोय आणि गोजर लिहितेय. (अक्षराचं मी वर म्हणालो ते तिने खाली मान घालून लिहून घेतलं.)

ता. क. ३. आक्कांना गोजरचा नमस्कार. गुरुजी डोळ्यांवर फडकं टाकून झोपल्यात, म्हनून हे माझं मी लिहिते. गुरुजी आपन होऊन बसले न्हाईत, बनुआजीनं सदऱ्याला धरून बसवलं. आन पंधरा दिवस पन खरं न्हाई. गुरुजींनी आईला पाडव्यापर्यंत सांगितलंय. आई म्हनली, आक्का आल्या तर ऱ्हा, न्हाई आल्या तर गाडीत बस. मला गाडीत बसायचं न्हाई. मला भाकरी येती, पानी पन मी भरीन. माझं डोकं आता साफ हाय, गुरुजींचं तेवढं तुमाला बघावं लागंल. तुमी येनार असाल तर कार्डावर नुसतं ‘येते’ एवढंच लिहा. पोस्टमन आमच्या रानावरूनच जातो. आई आत्तापासून रोज त्याला हटकती. कार्ड आलं की तिला मी वाचून दाखवनार हाय.