पेव उघडल्याची हकीकत

सास्तूर, १२ मे १९५९

आदरणीय शिवप्पा पाव्हणे यांस गुंडप्पाचा मनापासून शरणार्थ. येडशीच्या हवेत तुमचा दमा कसा आहे? तुमची बहीण ठीक आहे (आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, पण ताट वेळेवर वाढते). मी ठणठणीत आहे. मध्यंतरी ताप होता. त्याला दाद न देता रोज शेतावर गेलो. चौथ्या दिवशी लोकांनी बांधावरून उचलून आणलं, पण ते अशक्तपणामुळं नव्हे, ढेकूळ आडवं आलं.

आमच्या वडिलांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. रझाकारांच्या दिवसांत ते रिकाम्या पेवात दोन दिवस दडून बसले होते. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं उलटली, तरी पारावरचे लोक मला विचारतात, गुंडप्पा, वडील वर आले का? (वडील वारून सहा वर्षं झाली.) म्हणून मी सगळं त्यांच्या उलट करायचं ठरवलं. ते वरणभात खात, मी ठेच्याशिवाय घास घेत नाही. डोळ्यांतून धारा लागतात, पण तिखटानं आलेलं पाणी मी रडण्यात धरत नाही. ते बैलांशी बोलत, मी माणसांशीही फारसा बोलत नाही. तुमचा भाचा शिवलिंगप्पा मात्र आजोबांवर गेला. वीस वर्षांचा गडी, आणि वासरू मेलं तर जेवत नाही. त्याला मर्द करण्यासाठी मी जे जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तर गेल्या सोमवारी ज्वारीचं पेव उघडलं. (तुम्ही स्टेशनाच्या गावचे, म्हणून सांगतो. जमिनीखालचा हा धान्याचा खड्डा महिनोन्‌महिने बंद असतो, आत वाईट हवा कोंडते. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर उतरायचं नाही.) पारावरची मंडळी बघायला जमली होती. आमच्या घराण्याला पेवाची भीती वाटते असं त्यांनी म्हणू नये, म्हणून मी थांबायला तयार नव्हतो. बावीस वर्षं आमच्याकडं असलेला सालगडी रामकिसन, त्यानं कंदील सोडला. विझला. मी म्हणालो, वाऱ्यानं विझला.

"मालक, वारं न्हाय ह्ये. उद्या उतरू," तो म्हणाला.

शिवलिंगप्पाही तेच म्हणाला. मी दोघांना सगळ्यांदेखत बायकांत जाऊन बसायला सांगितलं. रामकिसन कमरेला दोर बांधू लागला तेव्हा मी हसलो. त्यानं दोर खाली टाकला आणि तसाच उतरला.

आत जाताच तो खाली बसला, मग आडवा झाला. शिवलिंगप्पानं तोच दोर स्वतःला बांधला, श्वास रोखून उतरला, रामकिसनला कवेत घेतलं, आणि लोकांनी दोघांना ओढून वर काढलं. त्यातला एकच जिवंत होता. धाप ओसरल्यावर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आप्पा, आज्जा पेवात जगायला उतरलं व्हतं." मग चालत तुमच्याकडं निघून गेला.

राहू द्या त्याला तिथंच. इथं त्याच्यावाचून काही अडलेलं नाही. तो जेवतो की नाही, हे मी विचारत नाही.

आपला,
गुंडप्पा

ता. क. — दोर ओढणाऱ्यांत मी सर्वांत पुढं होतो, असं मी गावोगाव सांगतो. मी नव्हतो. मी मातीत बसून रडत होतो. सगळ्यांनी बघितलं, आणि पारावर अजून कुणी मला एका शब्दानं चिडवलेलं नाही. ते मला सहन होत नाही.

पुन्हा ता. क. — रामकिसनची बायको कडूबाई आमच्या गल्लीच्या टोकालाच राहते. मी रोज सकाळी तिच्याकडं जायला निघतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो. शिवलिंगप्पाला पाठवा. तुम्ही पाठवलं असं म्हणू नका, मीच बोलावलं म्हणा. तिच्या दारात माझ्यासोबत त्यानं उभं राहावं. त्याला सांगा, बाप घाबरलाय.