भिंतीत पोकळी नव्हती

८ एप्रिल २००७, हिंगोली
आज नमुनाघर लोकांना दाखवलं. वसाहतीतल्या बारांपैकी पूर्ण झालेलं पहिलं, आणि माझ्या नकाशावरचं आयुष्यातलं पहिलं. दुपारी दोनला बाहेर ४१, आत २९. लोडशेडिंग चालू, पंखे बंद, तरी लोक उठेनात. सेनगावचे गुरुजी बायकोला घेऊन आले होते. बाईंना दमा. भिंतीला टेकून बसल्या, म्हणाल्या, "हितं श्वास पुरून राहिला." गुरुजींनी तिथंच घर ठरवलं.
वसाहतीच्या मालकांनी मला पुढं बोलावलं, बाबांनाही. "नकाशा हिचा, भिंती हिच्या वडलांच्या." बाबा खाली बघत उभे. लाजले असतील.

९ एप्रिल
विटा उभ्या लावायच्या, मधे पोकळी ठेवायची. एवढंच तर आहे. विटा कमी लागतात, म्हणजे भट्टीत कोळसा कमी. ऊन आत शिरत नाही, म्हणजे कूलर नको. कॉलेजात हे मांडलं तेव्हा वर्ग हसला होता. आज दिवसभर मीच हसत होते.

११ एप्रिल
आत ३८. तीच वेळ, तीच खोली. दुसरा थर्मामीटर आणला. तोही ३८.
त्या दिवशी चालू असलेला घरामागचा जनरेटर आज बंद होता. वॉचमन म्हणाला, डिझेल संपलं.
"तो बोअरचा ना?"
"न्हाई मॅडम, कूलरचा."
कोणता कूलर. त्यानं कोठीचं कुलूप काढून दिलं. आत भला मोठा कूलर, तोंड वरच्या झरोक्याला लावलेलं. वाळा अजून ओला.
वीज वाचवणारं घर, आणि डिझेल जाळून गार केलेलं. गुरुजींच्या बाईंचा चेहरा डोळ्यासमोरून जाईना.

१२ एप्रिल
मालकांना विचारलं. शांत होते. "घर तापून राहिलं होतं, लोक यायचे होते. काय करणार?"
"तापणार कसं? भिंत पोकळ आहे."
"तुला खरंच माहीत न्हाई? घरी विचार."
घरी नाही गेले. साइटवर जाऊन स्विचबोर्डशेजारी छिन्नी घातली. प्लास्टर, वीट, परत वीट. तीन ठिकाणी फोडलं. पोकळी कुठंच नाही.
फेब्रुवारीत मी टायफॉइडनं पडले होते, तेव्हा या भिंती उठल्या. परत आले तोवर प्लास्टर झालेलं. तपासलं नाही. बाबांचं काम, त्यात काय तपासायचं.

१३ एप्रिल
सकाळी चहा घेताना विचारलं. "भिंत भरीव काहून केली?"
बाबांनी कप ठेवला तो बशीच्या बाहेर. चहा सांडला.
"उभी वीट ओळंब्यात बसंना. दोनदा भिंत कलली, दोनदा पाडली. दिसून न्हाई राहिलं, बाई. साल झालं."
"मग सांगायचं होतं."
"तुझं पहिलं घर. मालकानं दुसरा मिस्त्री आणला असता. त्याला तर घर तापल्यावर कळलं."
आईला माहीत होतं. रोज समोर बसून जेवते मी. मला एकटीलाच...

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक दारावरून गेली. बाबा दरवर्षी पुढं असतात, आज ओट्यावरच. येणाऱ्या प्रत्येकाला आधी बोलू देत होते, मग नावानं हाक. आवाजावरून ओळखतात. वर्षभर असंच चाललंय आणि मी थर्मामीटर बघत बसले.

१६ एप्रिल
जीपनं सेनगाव. गुरुजींना सगळं सांगितलं, बाबांचं सोडून. बाईंनी विचारलं, "म्हणजे ते वारं मशीनचं?" मी हो म्हणाले. "मला तर खरंच बरं वाटलं होतं," एवढंच म्हणून आत गेल्या.
गुरुजी रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाकीची अकरा घरं उठायची हाईत न? ती बराबर उठतील का, तेवढं सांगा."
परतीची जीप पकडली.

१८ एप्रिल
मालक ऐकत नाहीत. म्हणे, आता बोललो तर वसाहत बसली. जनरेटरला डिझेल आलं. उद्या परत लोक येणार.
घर ठरवलेल्या सगळ्यांना मीच पत्र लिहितेय. मालकांच्या सहीची वाट बघणार नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.
उद्या बाबांना डोळे दाखवायला परभणीला न्यायचंय. कोणी निघायचं, किती वाजता, सगळं ठरलं, तरी ते माझ्या टेबलाजवळ उभेच.
"माझं नाव लिही. न्हाईतर लोक म्हणतील, पोरीनं केलं."
मी पाकिटांवर पत्ते घालू लागले.
"आन् नजर परत आली तर पुढच्या भिंती मीच उठवीन. तू म्हणशील तशा."
पाकिटांवर पत्ते घालून झाले. पत्रात इथवर आलेय: 'नमुनाघराच्या भिंती नकाशाप्रमाणे पोकळ झाल्या नाहीत, याचं कारण'